जोडी नसलेला तुकडा

त्या प्रदेशात उजेडाने सगळे मरत, फक्त तांबडे मरत नसत.

उजेड कुठून येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका बाजूची भिंत आधी कोमट होई, मग पांढरी होई, आणि मग तिच्यातून तो बाहेर पडे. तो बघण्यासाठी नव्हता. तो अंगातून आरपार जाई आणि वाटेत येईल ते तोडत जाई. पूर्वी तिथे हिरवे राहत. काठीसारखे लांब पांढरे राहत. फेसासारखे एकमेकांना चिकटून राहणारेही काही होते. पहिल्याच उजेडात हिरवे गेले आणि त्यानंतरच्या उजेडात बाकीचे. त्यांच्या राशी तिथेच पडून राहिल्या आणि त्या राशींवर तांबड्यांची वस्ती वाढली. तांबडे त्या राशी खात. खाताना एकमेकांना म्हणत, "आपण टिकलो."

टिकले होते हे खरं. पण तुटत तेही होते. प्रत्येक तांबड्याच्या पोटात एक माळ असे. अंग कसं धरायचं, भूक कशी ओळखायची, लाल कसं राहायचं, हे सगळं त्या माळेच्या मण्यांत होतं. नवीन काही दिसलं, नवीन काही कळलं, की त्याचाही मणी माळेत ओवला जाई. उजेड या माळेच्या चिंध्या करी. दुसऱ्या कुणाची माळ अशी तुटली की तो संपे. तांबड्यांनी मात्र एक रीत बसवली होती. ते चौघे चौघे मिळून एका घरात राहत. घर म्हणजे चार खोल्या आणि मधोमध अधिक चिन्हासारखी सामाईक भिंत. चौघांच्या माळा सारख्या असत. उजेड ओसरला की चौघांचे तुकडे एकत्र मांडायचे, एकाचा तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याशी ताडून बघायचा आणि चारही माळा पुन्हा ओवायच्या. याला ते जुळणी म्हणत.

जुळणीचा नियम एकच होता. ज्या तुकड्याला जोडी सापडेल तो आपला. जोडी नसेल तो उपरा. उपरा माळेत घ्यायचा नाही.

या नियमानेच तांबडे वाचले होते, म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नसे. जुळणीतून उठलेला तांबडा तंतोतंत आधीसारखा असे. आधीसारखा लाल, आधीसारखा हट्टी, आणि आधीसारखाच त्याच भिंतीसमोर बसलेला.

जुळणी थोरले करीत. थोरल्यांची माळ घट्ट गुंडाळलेली असल्यामुळे तिचे तुकडे फार दूर उडत नसत, आणि उजेडानंतर त्यांना आधी शुद्ध येई. धाकट्यांच्या माळा सैल असत. धाकटे जागे होत तेव्हा त्यांना कुणीतरी ओवून ठेवलेलं असे.

भिंतीजवळच्या एका घरात दगडूआत्या, सोशिककाका, मेणा आणि तिडीक असे चौघे राहत. दगडूआत्या इतकी लाल होती की काळीच दिसे. वस्तीतल्या कुणापेक्षाही तिने जास्त उजेड सोसले होते आणि त्यांतला एकही ती कुणाला विसरू देत नसे. सगळी वस्ती तिला आत्याच म्हणे. सोशिककाकांना सगळ्यांचंच म्हणणं पटे. मेणा ज्याच्या शेजारी टेकेल त्याच्यासारखी होई. आणि तिडीक ही मेणाची धाकटी बहीण. तिला कुठे टेकताच येत नसे.

"आमच्या वेळचा उजेड म्हणजे उजेड होता," आत्या म्हणे. "हल्लीचं काय, कोवळं ऊन."

"मग मागच्या खेपेला तुम्हाला शुद्ध यायला वेळ लागला असं काका का म्हणाले?" तिडीक विचारी.

"डोळा लागला होता जरा."

"आणि जुळणी करताना हात कापत होते ते?"

"सोशिक, या पोरीच्या माळेत जिभेचे मणी कुणी एवढे घातले रे?"

"तुम्हीच ओवता, आत्या," सोशिककाका म्हणत. मेणा हसे. आत्याही हसे. तिडीक तेवढी हसत नसे, कारण ती भिंतीकडे बघत असे.

भिंत आता पूर्वीपेक्षा लवकर कोमट होत होती. उजेड जास्त वेळ राहत होता आणि दोन उजेडांच्या मधला काळ आखडत चालला होता. खायला वेळ उरत नव्हता, वाढायला उरत नव्हता. जुळणी संपते न संपते तोच भिंत पुन्हा तापू लागे. वस्तीत नवं घर कित्येक उजेडांत झालेलं नव्हतं, आणि याचा कुणी उच्चारही करत नव्हतं.

एकदा शेजारच्या घराची जुळणी अर्ध्यावर असतानाच पुढचा उजेड आला. मांडून ठेवलेल्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे झाले. बाहेरून ते घर तसंच दिसत होतं, लाल आणि गोल, आत चौघे बसल्यासारखं. आत्याने त्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही.

"मानी घर आहे," आत्या म्हणाली. "दुखलं तरी बोलायचे नाहीत."

मग ते घर आतल्या आत खचलं. चारी बाजूंच्या घरांनी ते खाल्लं.

"आत्या, आता आपली पाळी," तिडीक म्हणाली.

"आपण टिकणारे."

"तेही टिकणारेच होते. आता तुमच्या पोटात आहेत."

"त्यांची जुळणी ढिसाळ होती," आत्या म्हणाली आणि उरलेला घास गिळला.

जमिनीचे दोन पत्रे जिथे मिळत तिथे एक फट होती. तिच्यातून कधी कधी ओल येई. खचलेलं घर खाऊन होतं न होतं तेवढ्यात त्या ओलीबरोबर वाट चुकून एक पोहणारा वर आला. तो पारदर्शक होता, बारीक होता आणि त्याला अंगापेक्षा लांब शेपटी होती. ती त्याने दोनदा हलवली, पण तिथे पोहण्याइतकं पाणीच नव्हतं. तो आत्याच्या घरासमोर येऊन पडला आणि सुकू लागला.

"इथे राहता तुम्ही?" त्याने विचारलं.

"आमच्यातले सगळे इथेच राहतात," मेणा म्हणाली.

"पण का? खाली पाणी आहे. गार आहे. काळोख आहे."

आत्या पुढे झाली. "काळोखात करता काय रे तुम्ही?"

"काही नाही," पोहणारा म्हणाला. "जगतो."

आत्या हसली. ते हसू घराघरांतून गेलं आणि सगळी वस्ती हसली. "नुसतं जगतात म्हणे! अरे, उजेड कधी सोसलास का?"

"आम्हाला उजेड लागला की आम्ही मरतो."

"ऐकलंस?" आत्या तिडीकला म्हणाली. "असे असतात हे. चला, सुकला की वाटून घेऊ."

तिडीक आपल्या खोलीच्या बाहेरच्या कडेला सरकली, त्याच्या अगदी जवळ. "शेपटी कशी करतात?" तिने हळूच विचारलं.

"सांगता यायचं नाही. माझ्या माळेत आहे एवढं माहीत आहे. शेवटाकडचा लांब तुकडा." तो आता पुरता बारीक झाला होता. "मी गेलो की घे. नाहीतरी तुम्ही खाणारच आहात मला."

तो गेल्यावर वस्तीने त्याला खाल्लं. तिडीकने शेवटाकडचा लांब तुकडा तोंडात घेतला, पण चावला नाही. तो तिने तसाच आत नेला आणि आपल्या माळेत ओवला.

काही काळ काहीच झालं नाही. मग तिच्या बाहेरच्या अंगाला खाज सुटली. तिथे एक कोंब आला. कोंब वाढला. एकदा तिने तो हलवून पाहिला आणि सगळं घर हादरलं.

"घर कोण हलवतंय?" आत्या ओरडली.

"मी."

"हे काय उगवलंय तुला?"

"शेपटी."

"आपल्यात शेपट्या नसतात."

"म्हणूनच आपण अजून इथे आहोत."

"तोडून टाक."

"दुखेल."

"इतक्या वेळा उजेडात तुटलीस, तेव्हा नाही दुखलं?"

"दुखलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सोशिककाका मध्ये पडले. पोरगी आहे, होतं असं, असं काहीतरी ते बोलले. आत्याने त्यांना थांबवलं. तिचा राग एकाएकी निवाला होता. ती शेपटीकडे बघत राहिली आणि मग अगदी मायेने म्हणाली, "राहू दे हो. कशाला तोडायची? पुढच्या जुळणीत जाईल आपोआप."

 इतका वेळ तिडीक पाण्याचा विचार करत होती. जुळणीचा विचार तिने केलाच नव्हता. तिच्या तुकड्याला जोडी नव्हती. उजेड येईल, ती फुटेल, आणि आत्या तो तुकडा उचलून बाजूला ठेवेल. मग ती जागी होईल, लाल, गोल, अख्खी. आपलं काही गेलं आहे हेदेखील तिला कळणार नाही.

तिने शेपटी मारून बघितली. घर हललं, पण जागचं सरकलं नाही. चौघांची भिंत एक होती. एक शेपटी चौघांना ओढू शकत नव्हती. दोन हव्या होत्या. दुसरी शेपटी मिळाली तर तुकड्याला जोडीही मिळणार होती.

ती मेणाकडे गेली. म्हणजे सामाईक भिंतीला चिकटून बोलू लागली, कारण तांबड्यांना कुठे जाता येत नाही.

"ताई, माझ्या तुकड्याची नक्कल घे."

"नको गं. आत्या बोलतील."

"बोलू देत. बोलण्याने माळ तुटत नाही."

"पण आपल्याला इथे काय कमी आहे?"

"शेजारचं घर तू खाल्लंस ना? चव आठवते?"

मेणाने अंग चोरलं.

"ताई, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या उजेडात आपली जुळणी पुरी होणार नाही. तुझी अर्धी माळ आत्यांच्या हातात असेल आणि भिंत पांढरी होईल. मी तेव्हा काहीच करू शकणार नाही, कारण मीही तुझ्याशेजारी तुकडे होऊन पडलेली असेन. मला आत्ता येतंय करायला. आत्ताच. नंतर मला हे आठवणारसुद्धा नाही. तू जोडी दिली नाहीस तर मी परत मूर्ख होऊन उठेन आणि तुझ्याशी गप्पा मारीन. तुला चालेल?"

"पण मी उठेन ना? नक्कल घेतली तरी?"

"उठशील. आणि शेपटी फुटली की मग आपण पाण्यात जाऊ."

 मेणाच्या बाजूची भिंत मऊ झाली. तिडीकने तुकड्याची नक्कल त्या मऊ जागेतून पलीकडे सरकवली.

एवढ्यात उजेडाकडची भिंत कोमट झाली. मेणाची शेपटी फुटायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ आता नव्हता. एक उजेड मध्ये पडणारच होता. तो एक पार करायचा, बस. तिडीकने सोशिककाकांना गाठलं.

"काका, तुकड्याला जोडी आहे. एक माझ्यात, एक ताईत."

काका दचकले. "मेणासुद्धा?"

"नियमाने तो आता आपला. बरोबर ना?"

"नियमाने... हो. बरोबर आहे."

"आत्यांच्या पाठोपाठ तुम्हाला शुद्ध येते. तुम्ही फक्त दिसेल ते सांगायचं. जोडी आहे, एवढंच. भांडू नका, माझी बाजू घेऊ नका. दोन दिसले की दोन म्हणायचं."

"अगं, मला मनापासून पटतं तुझं. मीसुद्धा तुझ्याएवढा होतो तेव्हा एकदा..."

"काका, ते नको. सांगाल ना?"

"सांगेन."

"नक्की?"

"घरातल्या घरात नक्की कसलं विचारतेस? सांगेन म्हटलं ना."

भिंत पांढरी होऊ लागली. तिडीकचा आत्यावर काडीइतका विश्वास नव्हता. आत्याच्या नियमावर मात्र होता. तिने शेपटी अंगाशी घेतली आणि उजेडाकडे तोंड केलं.

तो उजेड आधीच्या कुठल्याही उजेडापेक्षा लांबला. वस्तीच्या कडेची घरं पहिल्या झळीतच पांढरी पडली. मधल्या घरांतून थोडा वेळ "टिकलो, टिकलो" असा घोष ऐकू आला आणि मग तोही तुटला. तिडीकला तिची माळ तुटताना कळत होती. भुकेचे मणी गेले, रंगाचे गेले, मेणाचं नाव गेलं. शेवटाकडचा लांब तुकडा तिने सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवला. मग धरणारंच कुणी उरलं नाही.

दगडूआत्याला शुद्ध आली तेव्हा भिंत अजून तापलेली होती. तिने सवयीने सगळ्यांचे तुकडे मांडायला घेतले. तिचे हात कापत होते. आधी तिने स्वतःची माळ ओवली, मग सोशिकची. मग ती धाकट्यांच्या राशींकडे वळली. लांब तुकडा तिला लगेच सापडला. तो तिने उपरा म्हणून बाजूला ठेवला. पुढे मेणाच्या राशीत तसाच दुसरा निघाला.

तिने दोन्ही शेजारी ठेवले. मण्याला मणी लागत होता.

सोशिककाका जागे झाले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

"उठलास? हे बघ," आत्या म्हणाली. "मला एकच दिसतोय. तुला किती दिसतात?"

काकांनी बघितलं. दोन तुकडे होते. त्यांच्या पलीकडे दोन्ही मुलींच्या राशी पडल्या होत्या, रंग नसलेल्या, सुट्या.

"आत्या, नियम..."

"नियम मला सांगतोस? घराला शेपट्या लागल्या तर त्या घर ओढत नेतील."

"आपल्यालाही नेतील बरोबर. सोडून जाणार नाहीत."

"मला कुठे जायचंय?" आत्याचा आवाज एकदम लहान झाला. तसा तो काकांनी कधी ऐकला नव्हता. "तिकडे उजेड नाही म्हणतात, सोशिक. मग तिकडे मला कोण ओळखणार?"

काका आपल्या खोलीत मागे सरकले.

"सांग ना. वेळ नाही आपल्याकडे. भिंत बघ. तू सांगितल्याशिवाय मी पुढे ओवत नाही. किती दिसतात?"

काकांनी भिंतीकडे बघितलं. राशींकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही तुकड्यांवरून नजर काढून घेतली आणि म्हणाले, "एकच."

त्यानंतर जुळणी भराभर झाली. आत्याचे हात कापायचे थांबले. पोहणाऱ्याला पाहिल्याचे, त्याच्या बोलण्याचे, ओलीचे, गार काळोखाचे आणि शेपटीवरून झालेल्या बोलाचालीचे मणी चौघांतही होते. मुलींच्या माळांतून तिने ते एकेक करून वेचून काढले. आपल्या आणि सोशिकच्या माळेत राहू दिले. थोरल्यांना ठाऊक असायला हरकत नव्हती.

आधी मेणा उठली. मग तिडीक उठली. ती लाल होती, गोल होती, तिच्या अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"लांब होता ना आजचा उजेड?" ती म्हणाली.

"कोवळं ऊन," आत्या म्हणाली.

"मग तुमचा आवाज का बसलाय?"

"आली बाई जागेवर आमची तिडीक!" आत्या म्हणाली, आणि तिला खरोखरच भरून आलं. तिने तिडीकला जवळ ओढलं. "भूक लागली असेल."

"फार."

आत्याने बाजूला ठेवलेलं तिच्यापुढे सरकवलं. एक करपलेली, गळून पडलेली शेपटी आणि दोन लांब तुकडे. "घ्या. दोघी मिळून खा."

तिडीकने शेपटीचा टोकाचा भाग तोडला आणि चावून बघितला. "चांगलं आहे की. कुणाचं आहे?"

"असेल कुणा उपऱ्याचं."

"काका, तुम्ही नाही घेत?"

"मला नको, बाळ," सोशिककाका म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही ना, काका, कायमचे असेच," तिडीक तोंडातल्या घासासकट म्हणाली. तिने एक तुकडा मेणाला दिला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घालून दाताखाली धरला.

"आटपा लवकर," आत्या म्हणाली. "भिंत पांढरी व्हायला लागली."

तिडीक भराभर चावू लागली.